नोटीस मागच्या मालकाची, दार मात्र आपले

दुपारची जेवणे आटोपलेली असतात, कारभारी रानात गेलेले असतात आणि दारात पोस्टमनची हाक येते. हातात लांबट लिफाफा, वर बँकेचे नाहीतर पतसंस्थेचे नाव आणि कोपऱ्यात ‘वसुली विभाग’ असा शिक्का. छातीत धस्स होते. मग नाव वाचावे तर ते आपल्या घरातले नसतेच. ज्यांच्याकडून घर घेतले त्यांचे, किंवा आपल्या आधी त्या खोलीत भाड्याने राहून गेलेल्या कुणाचे तरी. पत्ता मात्र आपला, अगदी गल्लीसकट बरोबर.

पूर्वी हा प्रकार शहरातल्या भाडेकरूंपुरता होता. आता तो आपल्यापर्यंत आला आहे. मुलगा राजारामपुरीत खोली घेऊन शिकतो, भाचा गोकुळ शिरगावच्या किंवा कागलच्या कारखान्यात लागून तिथेच बिऱ्हाड करतो, कुणी गावातच शेजारचे घर परड्यासकट विकत घेतो. आधीचा माणूस जातो, पण त्याने मोटारसायकलीच्या, मोबाइलच्या, घराच्या कर्जाच्या फॉर्मवर लिहिलेला पत्ता मागे राहतो.

अशा पत्राचे बहुतेक घरांत दोनच प्रकार होतात. कुणी ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून ते न बघता चुलीत घालते. कुणी इतके घाबरते की आलेल्या वसुलीवाल्याच्या हातावर चार पैसे ठेवून ‘बाबा, पुन्हा येऊ नको’ म्हणते. दोन्हीत नुकसान होऊ शकते. म्हणून पत्र हातात आले की आधी एकच प्रश्न विचारा. हे कर्ज माणसाच्या मानेवरचे आहे की जमिनीच्या, घराच्या मानेवरचे?

माणसाच्या मानेवरचे असेल तर तो माणूस जिथे जाईल तिथे ते त्याच्याबरोबर जाते, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. जमिनीच्या मानेवरचे असेल तर माणूस गेला तरी ते जमिनीतच राहते, आणि जमीन आता तुमची आहे.

माणसाचे कर्ज

मोटारसायकल, मोबाइल, लग्नासाठी काढलेले कर्ज, क्रेडिट कार्ड, पतसंस्थेचे जामीनकीचे कर्ज ही सगळी माणसाची कर्जे. ती फेडायची जबाबदारी ज्याने कागदावर सही केली त्याची. त्याच्या पत्त्यावर तुम्ही राहता एवढ्याने तुम्ही कर्जदार होत नाही. पुढे पीककर्ज किंवा ट्रॅक्टरचे कर्ज काढायला गेलात तर ‘या पत्त्यावर थकबाकी आहे’ म्हणून अडेल, ही भीतीही नको. बँका कर्जाचा जो पूर्वइतिहास बघतात तो पॅन, आधार, जन्मतारीख यांवरून माणसाचा बघतात, घराचा नव्हे.

एक खुंटी मात्र हलवून बघा. पूर्वीचा मालक तुमचा नातेवाईक किंवा जुना शेजारी असेल, तर त्याच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिला होता का? आपल्याकडे ‘जरा सही कर की’ म्हटले की माणूस कशासाठी ते न विचारता सही करतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराला गाठावे आणि मगच जामीनदाराकडे यावे, असा काही नियम नाही. तशी सही केली असेल तर ते पत्र तुमचेच समजा आणि ताबडतोब बँकेत जा.

सही नसेल तर पाकीट फोडू नका. पाठवणाऱ्याचे नाव पाकिटावर असतेच, तेवढे लिहून ठेवा, मोबाइलवर पाकिटाचा फोटो काढा आणि ते पोस्टमनकडे परत द्या. परत देताना काय बोलता याला महत्त्व आहे. ‘आम्ही घेत नाही’ एवढेच म्हटलेत आणि पोस्टमनने पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारला, तर पुढे कोर्टात ती नोटीस त्या माणसाला मिळाली असे धरले जाऊ शकते. तो बिचारा कुठे इचलकरंजीत नाहीतर पुण्यात असेल, त्याला पत्ताही नसेल. म्हणून स्पष्ट सांगा, ‘हे गृहस्थ इथून गेलेत, इथे राहत नाहीत,’ आणि तसाच शेरा लिहायला लावा. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, पण शेऱ्याची ही पद्धत बदललेली नाही. साध्या टपालाने आलेल्या पाकिटावर स्वतःच ‘सदर इसम या पत्त्यावर राहत नाहीत, परत पाठवावे’ असे लिहून ते पोस्टाच्या पेटीत टाकले तरी चालते.

पत्रे तरीही येत राहिली तर पाठवणाऱ्या संस्थेला लेखी कळवा. फोनवर बोलून काही होत नाही, उचलणारा दर वेळी वेगळा असतो. मजकूर साधा ठेवा:

‘मा. शाखा व्यवस्थापक यांस, स. न. वि. वि. श्री. अमुक यांच्या नावे आपले दि. अमुकचे पत्र माझ्या पत्त्यावर आले. सदर गृहस्थ अमुक सालापासून येथे राहत नाहीत. हे घर मी दि. अमुक रोजी नोंदणीकृत खरेदीपत्राने घेतले आहे (किंवा भाडेकराराने घेतले आहे). त्यांच्या कर्जाशी कर्जदार, सहकर्जदार अथवा जामीनदार म्हणून माझा कोणताही संबंध नाही. तरी आपल्या दप्तरातून हा पत्ता कमी करावा आणि येथे पत्र अथवा माणूस पाठवू नये. कळावे.’

सोबत घरफाळ्याच्या पावतीची किंवा भाडेकराराची झेरॉक्स जोडा. आधार, पॅन, पासबुकाची झेरॉक्स देऊ नका, तुम्ही कर्जदार नाही तर त्यांना तुमचे खाते कशाला हवे? अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि ती प्रत खरेदीपत्राच्या फाइलीत ठेवा. त्या शिक्क्याला पुढे सोन्याची किंमत येते.

दारात माणूस आला तर

वसुलीचा माणूस दारात आला तर त्याला आधी ओळखपत्र आणि बँकेने दिलेले अधिकारपत्र दाखवायला सांगा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना बजावले आहे की, वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर करायचे नाहीत, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. खुद्द कर्जदारालाच जिथे हे संरक्षण आहे तिथे तुमच्यासारख्या तिऱ्हाइताला आवाज चढवून बोलण्याचा त्यांना काय अधिकार? लेखी तक्रार करूनही बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्यांचा फोन क्रमांक १४४४८. दमदाटी झाली तर मात्र लोकपालाची वाट बघू नका, सरळ पोलीस ठाणे गाठा.

त्या माणसापुढे दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. एक, ‘निदान पाचशे तरी भरा, म्हणजे मी वर सांगतो’ असे म्हटले तरी रुपयाही देऊ नका. दुसरी, कोणत्याही कागदावर ‘भरतो’, ‘बघतो’, ‘सांगून भरायला लावतो’ अशा मजकुराखाली सही करू नका. आपल्या मायबहिणी सौजन्याने चहा देतात ते ठीक, सही मात्र देऊ नये.

कधी कोर्टाचा बेलीफ येतो आणि माणूस सापडला नाही तर नोटीस दारावर चिकटवून जातो. गल्लीत लगेच कुजबुज सुरू होते की ह्यांच्या घरावर जप्ती आली. तसे काही नसते. ज्याला समन्स द्यायचे तो सापडत नसेल तर त्याच्या शेवटच्या माहीत असलेल्या घरावर ते डकवावे, अशी तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे. बेलीफाला खरे काय ते सांगा, हे गृहस्थ कधी गेले आणि माहीत असेल तर कुठे गेले. तो ते अहवालात लिहितो. लोकअदालतीची नोटीसही अशीच दचकवते, कारण वर न्यायालयाचे नाव असते. बहुतेक वेळा ते ‘या, बसून तडजोड करू’ एवढेच बोलावणे असते, आणि तेही तुम्हाला नव्हे.

खरोखरच कुणी जप्तीचा हुकूम घेऊन आले आणि तुमच्या गोठ्यातली म्हैस किंवा अंगणातला ट्रॅक्टर मागच्या मालकाचा समजून लिहून घेऊ लागले, तर तिथल्या तिथे लेखी हरकत द्या. सहकारी संस्थेची वसुली असेल तर १९६१ च्या सहकारी संस्था नियमांतील नियम १०७ खाली वसुली अधिकाऱ्याला तिऱ्हाइताच्या हरकतीची चौकशी करावी लागते. दिवाणी कोर्टाच्या जप्तीतही अशी हरकत घेता येते. यासाठी म्हशीच्या खरेदीची पावती, विम्याचा बिल्ला, ट्रॅक्टरचे आरसी बुक ही कागदे घरात जागेवर हवीत. धान्याच्या कणगीत नव्हे.

जमिनीचे कर्ज

आता दुसरा प्रकार. खरी गोम इथेच आहे. समजा, तुम्ही शेजारच्या गावात वीस गुंठे उसाचे रान घेतले. खरेदीपत्र झाले, पैसे मोजून दिले, आडसाली लागण केली. दीड-दोन वर्षांनी त्या गावच्या विकास सेवा संस्थेकडून मागच्या मालकाच्या नावे थकबाकीची नोटीस येते, कारण रान आता तुम्ही करता हे साऱ्या गावाला माहीत आहे. हे पत्र परत पाठवून भागणार नाही.

आपल्या जिल्ह्यात पीककर्ज जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून गावच्या सेवा संस्थेला आणि संस्थेकडून सभासदाला, अशा वाटेने येते. आपली जिल्हा बँक १९३८ सालची. संस्थेचे कर्ज घेताना सभासद जमिनीवर बोजा ठेवत असल्याचा इकरार लिहून देतो. तो इकरार सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात चढतो. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे कलम ४८ सांगते की, असे कर्ज व्याजासह पुरते फिटेपर्यंत सभासदाने ती जमीन विकायची नाही, आणि विकली तर तो व्यवहार रद्दबातल. याचा अर्थ नीट समजून घ्या. नुसती थकबाकी भरून सुटण्याचा हा प्रश्न नाही, तुमच्या खरेदीचाच पाया त्यात हलतो.

ऊसपट्ट्यात यात आणखी एक फसगत आहे. संस्थेचे कर्ज कारखान्याकडून येणाऱ्या ऊसबिलातून परस्पर कापून जाते. त्यामुळे विकणाऱ्यालाही मनापासून वाटत असते की आपले सगळे फिटले. तो खोटे बोलत नसतो. पण एखाद्या वर्षी ऊस गुऱ्हाळाला गेलेला असतो, एखाद्या वर्षी २०१९ किंवा २०२१ सारखा महापूर येऊन पंचगंगाकाठचे रान कुजलेले असते, कर्जाचे पुनर्गठन झालेले असते, आणि बाकी उरलेली असते. म्हणून तोंडी ‘निल आहे’ याला किंमत नाही. संस्थेचा बेबाकी दाखला हातात हवा.

तर अशी नोटीस आली की त्याच दिवशी तीन कागद बाहेर काढा: चालू तारखेचा डिजिटल सहीचा सातबारा, तुमचे खरेदीपत्र आणि तुमच्या खरेदीच्या वेळचा सातबारा. आधी बघा की ‘इतर हक्क’ सदरात बोजा आहे का, असेल तर कोणत्या फेरफाराने चढला आणि त्या फेरफाराची तारीख तुमच्या खरेदीच्या आधीची की नंतरची. तुमच्या आधीची असेल तर बोजा जमिनीबरोबर आला. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याने जमिनीवरचे असे बोजे फेडणे हे विकणाऱ्याचे काम आहे, उलट काही ठरले नसेल तर. पण संस्था जमिनीकडे बघते. विकणारा टाळाटाळ करू लागला आणि तुम्ही रान वाचवण्यासाठी त्याची बाकी भरलीत, तर तेवढी रक्कम करार कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे त्याच्याकडून मागता येते. भरताना पावतीवर ‘अमुक यांच्या कर्जखात्यावर, जमीन गट नंबर अमुकच्या बोजापोटी, खरेदीदार म्हणून’ असे स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर ती रक्कम तुम्ही प्रेमाने दिली असे ठरायचे. हे सारे वकिलाला दाखवल्याखेरीज करू नका. फी परवडत नसेल तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

बोजा तुमच्या खरेदीनंतरच्या तारखेचा असेल, म्हणजे जमीन विकल्यावरही जुन्या नावावर कुणी कर्ज उचलले असेल, तर हरकत घ्या, आणि वेळ न दवडता घ्या. फेरफाराची नोटीस निघाल्यापासून हरकतीला १५ दिवस असतात. खरेदी झाली की ‘नोंद होईल आपोआप’ म्हणून निर्धास्त बसणाऱ्यांवर ही पाळी येते. तुमचे नाव सातबाऱ्यावर लागेपर्यंत तिथे जुने नाव उभे असते, आणि कर्ज देणारा सातबाऱ्यावरचे नाव बघतो.

कधी बोजा नुसता कागदावरच उरलेला असतो. कर्ज केव्हाच फिटले, माफ झाले, पण सातबाऱ्यावरची ओळ तशीच. २०१७ ची आणि २०१९ ची कर्जमाफी झाली तेव्हा माफीची यादी बघून लोक घरी आले, बोजा कमी करायला तलाठ्याकडे किती गेले? भूविकास बँकेची कर्जे तर राज्य सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माफ केली, सुमारे ९६४ कोटींची. काही उताऱ्यांवर तगाईच्या आणि बंडिंगच्या नोंदी आजोबांच्या काळापासून आहेत. २०२५ साली सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. तिच्यात मयत खातेदारांच्या वारसांची नावे लावणे आणि पुढे अशा कालबाह्य नोंदी काढून टाकणे ही दोन्ही कामे घेतली. संस्थेचा किंवा बँकेचा बेबाकी दाखला जोडून बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा, फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. तलाठ्यांचे नाव २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण चावडीवर तलाठी म्हटले तरी कळते.

घर, वीज, पाणी

घराचेही असेच. मागच्या मालकाने घर गहाण ठेवून बँकेचे कर्ज काढले असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक आधी ६० दिवसांची नोटीस देते, मग ताब्याची नोटीस वर्तमानपत्रात छापते आणि घरावर डकवते. अशा नोटिशीत तुमच्या घराचा नंबर आणि चतुःसीमा असतील तर नाव कुणाचेही असो, ती तुमची समजा. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवसच मिळतात. हा कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे रानावर सरफेसी लावण्याची कुणी धमकी दिली तर दबू नका.

घरफाळा आणि पाणीपट्टीची जुनी बाकी घराला चिकटते, ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारूनच घर घ्यावे. वीजबिलाचे थोडे वेगळे आहे. मागच्या ग्राहकाची बाकी भरल्याखेरीज नवी जोडणी न देण्याची अट वीज कंपन्या घालू शकतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये केरळच्या एका खटल्यात दिला. पण आपल्या राज्यातल्या वीज नियामक आयोगाच्या नियमांनी वारस नसलेल्या नव्या मालकावरचा हा भार सहा महिन्यांच्या थकबाकीपुरता मर्यादित केला आहे. पाच-सात वर्षांची बाकी सांगून कुणी अडवले तर हा नियम लेखी दाखवा. विहिरीवरच्या मोटारीचे कनेक्शन मागच्या मालकाच्या नावावर ठेवून वर्षानुवर्षे पाणी पाजणारे आपल्यात थोडे नाहीत. ते नाव आधी बदलून घ्या.

मागचा मालक म्हणजे वडीलच असतील तर

काही घरांत पत्रावरचे नाव परक्याचे नसते, वारलेल्या वडिलांचे असते. तिथे ‘राहत नाहीत’ लिहून कसे चालेल? बापाचे कर्ज मुलाने फेडायचे हा आपल्याकडे धर्म मानला गेला. कायद्याने मात्र ९ सप्टेंबर २००५ नंतर काढलेल्या कर्जासाठी, केवळ मुलगा म्हणून, त्या धर्माच्या आधारावर हिंदू कुटुंबातल्या मुलावर किंवा नातवावर दावा लावता येत नाही. वारसाची जबाबदारी त्याला वडिलांकडून जेवढे मिळाले तेवढ्यापुरती. दोन एकर रान आणि घर मिळाले असेल तर त्याच्या किमतीपर्यंत सावकार किंवा बँक येऊ शकते, तुमच्या पगारापर्यंत किंवा बायकोच्या स्त्रीधनापर्यंत नाही. बँकेला मृत्यूचा दाखला द्या आणि खाते उतारा मागा. कर्जाला विमा जोडलेला होता का, हेही त्याच वेळी विचारा. हप्त्यातून विम्याचे पैसे कापले जातात आणि घरच्यांना ते माहीतही नसते, असे बरेचदा आढळते.

परक्याच्या पत्राबद्दल एक सांगायचे राहिले. जुना मालक कुठे आहे हे तुम्हाला माहीत असेल तर फोनवर कुणा वसुलीवाल्याला त्याचा पत्ता देण्याचे बंधन तुमच्यावर नाही, पण त्याला मात्र एक निरोप द्या. एकरकमी परतफेडीची सवलत किंवा लोकअदालतीची तारीख अशा पत्रांतूनच येते आणि मुदत थोड्या दिवसांची असते. बाजाराला जाताना त्याच्या गावचे कुणी भेटले तर ‘तुमच्या नावचं बँकेचं पत्र आलं होतं, माघारी धाडलंय, शाखेत जाऊन बघा म्हणावं’ एवढे सांगितले तरी पुरे.